धुऱ्यावरचं आपलं झाड

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याच्यासमोर कितीदा बसलो, चहा प्यालो, पाण्यापावसाचं बोललो आणि उठून आलो. आता तो ऐकायला नाही, म्हणून लिहायला सोपं जातं आहे, हे मला कळतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस खरं बोलू लागला तर त्यात त्याचं फारसं कौतुक करण्यासारखं काही नसतं. तरी सांगतो.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. सकाळी अमरावतीच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा मंदाचा फोन आला. मंदा ही माझ्या जुन्या दोस्ताची, गुणवंताची मुलगी; वडिलांना ती दादा म्हणे. "मास्तरकाका, दादा गेले," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. मग सावरून तिनं सांगितलं की तो अंगणात उन्हात खाटेवर बसला होता, चहा मागितला, आणि ती चहा घेऊन बाहेर येईपर्यंत गेला. कप हातात घेऊन ती तशीच उभी राहिली… हे ऐकताना माझ्या मनात पहिली गोष्ट जी आली ती दुःखाची नव्हती, हे आज लिहून टाकतो. मनात आलं, मरणसुद्धा याला किती सोपं मिळालं. उन्हात बसून, चहाची वाट पाहत. ज्याच्याशी पंचावन्न वर्षं दोस्ती होती तो गेल्याची बातमी ऐकून मला त्याच्या मरणाचा हेवा वाटला होता.

शेंदूरजनाघाटला पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं, रस्ता भरला होता. वरूडचे, मोर्शीचे बागाईतदार आले होते, रोपवाटिकेत काम करणारे मजूर आले होते, ज्यांच्या बागांची कलमं त्यानं बांधून दिली त्यांची नातवंडं मोटारसायकलींवर आली होती. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या गर्दीतले निम्मे माझे विद्यार्थी होते. ते माझ्या पाया पडत आणि पुढे जाऊन त्याच्यासाठी रडत. मी कडुलिंबाखाली उभा राहून पाहत होतो, आणि माझ्या वेळी यातले किती येतील हा हिशेब मन आपोआप करत होतं.

गुणवंताची आणि माझी ओळख वावरातली. गावाच्या उत्तरेला आमची संत्र्याची बाग आणि त्याचं वावर एकमेकांना लागून, मधे एक धुरा. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तो सातवीतून शाळा सोडलेला, मी डी.एड. करून नोकरीला लागलेला. शाळेत मी गुरुजी होतो, पण धुऱ्यावर तोच मला शिकवत असे. त्याचा हात काही वेगळाच होता. ज्याच्यावर कलम चढवतात त्या जंबेरी लिंबाच्या खुंटाला तो चाकूच्या टोकानं काप द्यायचा, साल अशी उचलायचा की जणू पाकिटाची चिकटलेली बाजू उघडतोय, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सरकवायचा आणि पट्टी गुंडाळून पुढच्या खुंटाकडे सरकलेलासुद्धा असायचा. तोपर्यंत माझा एक काप पुरा होत नसे. त्यानं बांधलेलं कलम सहसा वाया जायचं नाही. माझी निम्मी वाळत. "मास्तर," तो म्हणायचा, "तुह्यं कलम परीक्षेले बसलेल्या पोट्ट्यावानी दिसते. पास झालं तं नशीब."

लोक हसत. मीही हसत असे. पण एका वर्षी आमच्या स्वतःच्या बागेतली नवी कलमं बांधायला माझ्या वडिलांनी गुणवंताला बोलावलं आणि मला त्याच्या मागे पट्ट्या धरून चालायला सांगितलं. वडील म्हणाले, त्याच्या हाताला झाड ओळखतं. तेव्हा माझं लग्न झालं होतं, पदरी एक मूल होतं. पट्ट्यांचा जुडगा हातात धरून मी त्याच्या मागे ओळीनं चाललो, आणि त्या दिवशी माझ्या आत जे काही बसलं ते पुन्हा कधी पूर्ण उठलं नाही.

आता त्या झाडाबद्दल. धुरा साफ करताना मी विळ्यानं गवत, बोरीची झुडपं काढत होतो. त्यात एक वीतभर रोप होतं, आपोआप उगवलेलं. मी विळा लावणार तेवढ्यात पलीकडून गुणवंता ओरडला, "राहू दे." तो आला, उकिडवा बसला, एक पान तोडून बोटांत चुरगळलं आणि नाकाशी नेलं. ही त्याची सवयच होती. कोणत्याही बागेत शिरला की आधी पान चुरगळून वास घ्यायचा, मग बोलायचा. "संत्राच हाये," तो म्हणाला, "पण मागून सोपेचा वास येते. पाहू तं काय होते." सोप म्हणजे बडीशेप. मी वास घेतला. मला नुसतं पानच वाटलं. पण मी म्हणालो, हो, येतो.

रोप राहिलं. बियाचं झाड, त्याला फळ यायला आठ वर्षं लागली. आणि फळ आलं ते असं की आजूबाजूचे जाणते लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. साल पातळ पण घट्ट, चोथा कमी, बी जवळजवळ नाहीच, आणि फळ झाडावर उशिरापर्यंत टिकायचं. झाड बरोबर धुऱ्याच्या मधोमध होतं, अर्धी सावली त्याच्या वावरात, अर्धी माझ्या बागेत. धुऱ्यावरचं झाड दोघांचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे, त्यावर कोणी वाद घालत नाही. वाटणीचाही रिवाज ठरलेला. एकानं दोन ढीग करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. त्यामुळे ढीग करणारा आपोआप सारखे करतो. आमच्यात ढीग नेहमी गुणवंता करायचा आणि उचलायचा मान मला द्यायचा. तो ढीग करताना एका वाट्यात दोन-चार फळं मुद्दाम जास्त टाकी, आणि मी थोडा वेळ दोन्हीकडे पाहून न चुकता तोच वाटा उचलत असे. "उचल लेका," तो म्हणायचा, "पोरगी पाहाले आला काय?"

झाडाला नाव नव्हतं. लोक विचारत, कोणत्या जातीचं? गुणवंता म्हणे, "आपलं." त्यांना वाटे तो टाळतोय. मग विचारत, झाड कोणाचं? पुन्हा तेच, "आपलं." तो माझ्याकडे मान करून म्हणायचा, म्हणजे त्यात मी आलो हे ऐकणाऱ्याला कळावं. पण ऐकणारे कुठे ऐकत होते! गावात त्या झाडाचं नाव पडलं ते ‘गुणवंताचं झाड’. वरूडच्या बाजारात कोणी मला म्हणालं, "गुरुजी, गुणवंताच्या झाडाची फळं खाल्ली, तुमच्या बागेला लागून आहे ना ते?" मी हो म्हणालो. माझ्या बागेला लागून!

आमच्यात एक ठरलं होतं. झाड आणखी दोन-तीन बहार पाहायचं, फळ प्रत्येक वेळी तसंच येतं का, रोग येतो का ते बघायचं, आणि मगच त्याच्या डोळ्यांपासून कलमं करायची, दोघांनी मिळून. तोवर कोणी एकही डोळकाडी कापायची नाही. डोळकाडी म्हणजे पेन्सिलीएवढी फांदी. तिच्यावरचा एकेक डोळा म्हणजे पुढचं एकेक झाड. हे ठरवलं गुणवंतानं, मी मान हलवली. मला वाटत होतं तो उगाच वेळ काढतोय. खरं तर तो बरोबर होता. घाईनं केलेल्या कलमांनी किती लोक फसलेले आम्ही पाहिले होते.

त्या हिवाळ्यात त्याच्या सासुरवाडीला, दर्यापूरला, लग्न निघालं. आठ दिवसांसाठी तो बायकोला, रुक्मावहिनींना, आणि मुलांना घेऊन गेला. जाताना धुऱ्यावर थांबून म्हणाला, "आपल्या झाडाकडे पाहजो." तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, चांगल्या लख्ख उन्हात, मी चाकू घेऊन गेलो आणि माझ्या बाजूच्या फांदीवरून सात डोळकाड्या कापल्या. फक्त माझ्या बाजूच्या! हे मी तेव्हा स्वतःला बजावून सांगितलं होतं. सावली माझ्या वावरात पडते ती फांदी माझी. शिवाय झाडाचं काय गेलं? फळ तोडलं तर एक फळ कमी होतं. डोळा घेतल्यानं काय कमी होतं? महिन्याभरात तिथं नवी पालवी येते. विहिरीतून बादली काढली तर निदान पाणी तरी खाली जातं. दिव्यावरून दिवा लावला तर पहिला दिवा का विझतो? असं मी बोलत होतो, मनातल्या मनात, शाळेत फळ्यावर सुविचार लिहितात तसं… चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं की चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं. त्यातला ‘न विचारता’ हा भाग मी त्या दिवशी सोयीनं विसरलो. वस्तू दोघांची असली की विचारायची गरज दुप्पट असते, हे मला तेव्हा कोणी सांगायची गरज नव्हती. मला ते ठाऊकच होतं. म्हणून तर तो गावात नसताना गेलो.

कलमं मी गावात ठेवली नाहीत. मोर्शीच्या रस्त्याला माझ्या सासऱ्यांनी दिलेलं एक वावर होतं, तिथं लावली. बांधायला वरूडहून दुसरा माणूस बोलावला. सहा वर्षांनी त्या झाडांना भरघोस फळ आलं, आणि अकोल्याला फळांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा मी एक टोपली घेऊन गेलो. अर्जात जातीचं नाव लिहायची जागा होती. मी लिहिलं, ‘मनोहर’. माझं नाव. पहिला नंबर आला. शाल, नारळ, पेपरात फोटो. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, ‘मनोहर संत्रा’, आणि मी तिच्यामागे इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीवर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या गर्दीत गुणवंता दिसला. एसटीनं आला होता, पायात धुळीच्या चपला, खांद्यावर दुपट्टा. मला वाटलं आता हा सगळ्यांसमोर बोलणार, आणि मी तयारी केली. धुरा, सावली, माझी फांदी, सगळी उत्तरं जिभेवर आणून ठेवली. तो टेबलाशी आला. शोभेसाठी ठेवलेल्या डहाळीचं एक पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला. मग पाटी वाचली. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तरी एका नावाची पाटी वाचायला त्याला बराच वेळ लागला. "बरं नाव ठेवलं, मास्तर," तो म्हणाला. "‘आपलं’ लिवलं असतं तं लोकायनं इचारलं असतं, आपलं म्हंजे कोणाचं?"

एवढंच. त्यानं एक फोड तोंडात टाकली, छान झालंय म्हणून मान डोलावली आणि पुढच्या टेबलावरची डाळिंबं पाहायला गेला. माझी सगळी उत्तरं तशीच तोंडात राहिली. तो भांडला असता तर मी जिंकलो असतो, निदान बरोबरीत सुटलो असतो. त्यानं मला भांडूच दिलं नाही, आणि याचाही मला त्याच्यावर राग आला. परत जाताना एकाच एसटीत होतो. बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा त्यानं खिडकीतून दोन चहा घेतले आणि एक मला दिला.

गावात तो कोणाला काही बोलला नाही. धुऱ्यावरच्या झाडाची फळं तशीच दोन ढिगांत पडत राहिली, तो ढीग करायचा, मी उचलायचो. मात्र त्यानंतर तो झाडाला ‘आपलं’ म्हणताना माझ्याकडे मान करत नसे. आणि दोघांनी मिळून कलमं करण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो. मोर्शीकडच्या काही बागाईतदारांनी माझ्याकडून डोळे नेले, ‘मनोहर’ नावानं लावले. बरीच वर्षं मी त्या नावावर खूश होतो. तरीसुद्धा, कोणी येऊन म्हणालं की ही जात मुळात गुणवंताच्या धुऱ्यावरची ना, की माझा दिवस जायचा.

मग पाण्याचे वाईट दिवस आले. आमच्या भागात बोअर खोल खोल गेले, बागाच्या बागा वाळल्या. गावची माझी बाग गेली. धुऱ्यावरचं झाड सगळ्यांत शेवटी गेलं. गुणवंता गाडीवर ड्रम बांधून त्याला पाणी घालत होता, तरी गेलं. त्यानं ते तोडलं नाही, दोन वर्षं वाळका सांगाडा तसाच उभा होता. माझं मोर्शी रस्त्याचं वावर मात्र ओलीत होतं. तिथली विहीर टिकली, आणि तिथली माझी झाडं टिकली. आता माझ्याजवळ सगळ्यांत मोठं निमित्त आलं. मी चोरली म्हणून जात वाचली! असं म्हणायला मी मोकळा झालो, आणि खरं सांगतो, त्या झाडाच्या मरणानं मला सुटका झाल्यासारखं वाटलं. आता मूळ झाड नव्हतं. होती ती फक्त माझी झाडं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी गुणवंता माझ्या दारात आला. मी निवृत्त झालो होतो, अमरावतीला मुलाकडे जायची बांधाबांध चालली होती. सुमननं, माझ्या बायकोनं, चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, आपलं झाड तं गेलं. तुह्यापाशी हाये. चार डोळे दे. खुंट तयार करून ठेवला हाये."

आवाजात काही नव्हतं. टोमणा नाही, मागणं नाही, शेजाऱ्याकडून विरजण मागावं तसं. अकोल्याच्या त्या दिवसानंतर इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता की त्याला माहीत आहे, आणि तेही मला अपराधी न ठरवता. मी म्हणालो, परवा ये. दुसऱ्या दिवशी मोर्शीला वावरात गेलो. चाकू हातात घेऊन माझ्या झाडांसमोर उभा राहिलो… आणि मला दिसू लागलं. हे चार डोळे त्याच्या हातात जातील. चारी लागतील. पाच वर्षांत त्याचं झाड माझ्या चाळीस झाडांपेक्षा चांगलं असेल. लोक पुन्हा पाहायला येतील. पुन्हा म्हणतील, गुणवंताचं झाड. त्याच्या हाताला झाड ओळखतं. मी वळलो आणि पलीकडच्या ओळीतल्या साध्या संत्र्याची डोळकाडी कापली. बाजारात मिळतो तो, कोणाच्याही बागेत असतो तो संत्रा. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली.

पहिल्या चोरीला माझ्याजवळ निमित्तांची चळत होती. याला एकही नाही. इथं मी त्याचं काही घेतलंसुद्धा नाही, उलट दिलं. फक्त जे दोघांचं होतं ते म्हणून दुसरंच दिलं. यासाठी शब्द शोधायला मला वीस वर्षं लागली आणि अजून सापडलेला नाही.

आणि मी नेहमीप्रमाणे काम अर्धवट केलं होतं. डोळकाडी कापली की पानं देठापासून छाटायची असतात, फक्त देठ ठेवायचा. गुणवंता हे मला शंभरदा बोलला असेल. मी टोकाशी एक पान तसंच सोडलं होतं. त्यानं फडकं उलगडलं, ते पान पाहिलं, तोडलं. चुरगळलं. नाकाशी नेलं.

तो एक क्षण. सुमन आत भांडी घासत होती, तो आवाज येत होता. त्यानं बोटं खाली केली, दुपट्ट्याला पुसली, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी खाली पाहत होतो. "बरं," तो म्हणाला. डोळकाडी पुन्हा फडक्यात गुंडाळली, तितक्याच जपून, जशी खरी गुंडाळली असती, आणि घेऊन गेला.

मी अमरावतीला आलो. वावर ठोक्यानं, म्हणजे खंडानं दिलं, मग विकलं. नवीन मालकानं झाडं काढून तिथं दुसरं काही केलं. पाच-सहा वर्षांनी, फाल्गुनात, एक लाकडी पेटी आमच्या दारात आली. वरूडहून येणाऱ्या एका ओळखीच्या जीपवाल्यानं आणून टाकली. निरोप होता, आपल्या झाडाचा अर्धा वाटा. त्यानं ते कलम त्याच जागी लावलं होतं, धुऱ्यावर, मधोमध. मृगाचा बहार धरला होता, म्हणून फळ फाल्गुनात आलं. मी एक फळ सोललं. साधा संत्रा. मला ते ठाऊक होतंच, तरी आशेनं सोललं, का कोण जाणे. सुमननं दुसरी फोड घेतली आणि म्हणाली, "गुणवंतभाऊजींचा हात लागला की गोडीच वेगळी. तुमच्या त्या मनोहरपेक्षा हेच चांगलं." मी पेटीचं झाकण लावून टाकलं. तिला त्या दिवशी मी उगाच कशावरून तरी बोललो. ती आता नाही. तिचीही माफी राहिली, पण ती वेगळी.

तेव्हापासून दर वर्षी पेटी येत राहिली. एकदाही चुकली नाही. दर वर्षी मी तीच पुसट आशा आणि तीच चीड घेऊन झाकण उघडत असे. हा मला क्षमा करतोय की दर वर्षी एकदा आठवण देतोय? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हींत मीच लहान ठरत होतो. त्यानं क्षमा केली असेल तर इतकं मोठं मन त्याला कुठून मिळालं, याचा हेवा. आणि टोमणा मारला असेल तर इतका गोड टोमणा मला कधी सुचला नसता, याचाही हेवा.

गेल्या डिसेंबरात त्याला छातीत दुखलं म्हणून अमरावतीला दवाखान्यात आणलं. मला कळलं तसं मी ठरवलं की आता पुरे. मोर्शीच्या एका बागाईतदाराकडे माझ्या कलमांपैकी तीन झाडं अजून आहेत. मुलाला गाडी काढायला लावली, तिथं गेलो, चष्मा लावून नीट पाहिलं, पान चुरगळलं. सोपेचा वास… या वेळी मलाही आला, की आला असं वाटलं. एक डोळकाडी कापली. सगळी पानं देठापर्यंत छाटली, एकही सोडलं नाही. ओल्या रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि दवाखान्यात गेलो.

खोलीत आधीच सात-आठ माणसं होती. कोणी नारळपाणी आणलेलं, कोणी पाय चेपत होतं. गुणवंता उशीला टेकून बसला होता, मला पाहून म्हणाला, "या मास्तर. हजेरी घ्या, सारे हजर हायेत." सगळे हसले. मी स्टुलावर बसलो. खिशातला रुमाल ओला होता, शर्टाला गार लागत होता. म्हटलं, लोक गेले की बोलू. एक जात होता, दोन येत होते. डॉक्टरसुद्धा दोन मिनिटं जास्त थांबून त्याच्याशी लिंबाच्या झाडाबद्दल बोलले. मी दीड तास बसलो. माझ्या आत ते जुनं पुन्हा उठलं… माझ्या आजारपणात माझ्या खोलीत इतकी माणसं नव्हती. मी उठलो. तो म्हणाला, "चालला? कायी म्हणून राहिला होता काय?" मी म्हणालो, नाही, आराम कर. घरी येऊन कोट खुंटीला अडकवला. चार दिवसांनी रुमाल काढला तेव्हा काडी वाळून कडक झाली होती. त्याला घरी सोडलं होतं. म्हटलं, संक्रांतीनंतर गावी जाऊनच देऊ, नवीन कापून.

पुढचं वर सांगितलं आहे.

म्हणून आता, ज्यांच्याकडे ‘मनोहर’ नावाची झाडं असतील त्यांनी ते नाव काढून टाकावं, ही विनंती. ती जात गुणवंतानं विळ्याखालून वाचवली, त्यानं ओळखली. मी तिचा अर्धा मालक होतो आणि पूर्ण चोर. झाडाला नाव हवंच असेल तर त्यानं ठेवलेलं नाव आहे.

मागच्या आठवड्यात पेटी आली. मला वाटलं होतं आता येणार नाही. गॅलरीत ठेवली आहे, झाकण अजून उघडलेलं नाही, पण फटीतून वास येतो. मग रुक्मावहिनींना फोन केला. म्हटलं, या वर्षी कशाला पाठवली वहिनी. त्या म्हणाल्या, "त्यायनं सांगून ठेवलं होतं भाऊजी, मास्तरचा वाटा बंद करू नोका." मग त्यांनी सांगितलं की दर वर्षी तो अंगणात पोत्यावर एकटाच बसून दोन ढीग करायचा. एका ढिगात दोन-चार फळं जास्त टाकायचा. मग काही वेळ नुसता बसून राहायचा, उचलणारा यायचा आहे असा, आणि मोठा ढीग पेटीत भरायचा. वहिनींनी एकदा विचारलं, मोठा काऊन धाडता? तर म्हणाला, "मास्तर इथं असता तं त्यानं हाच उचलला असता."

वहिनी म्हणाल्या, कायी म्हणत होते काय भाऊजी? त्या घरचं माणूस हाच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारत होतं. मी म्हणालो, नाही, फळं पोचली एवढंच सांगायचं होतं.

सांगायचं होतं ते एकाच वाक्याचं होतं. दवाखान्याच्या जिन्यात मी ते तीनदा म्हणून पाहिलं होतं, त्याच्याच बोलीत, म्हणजे त्याला समजायला सोपं जाईल. गुणवंता, म्या देल्ले ते डोळे आपले नव्हते गड्या… आपले हे या खिशात हायेत.